परतीच्या विमानानंतरचा पेशंट

पावसाळा सरत आला की डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक निरोप फिरू लागतो. जानेवारीत पूर्व आफ्रिकेत दहा दिवसांचं मोफत शस्त्रक्रिया शिबिर, सर्जन मंडळी ठरली, भूलतज्ज्ञ हवाय, तिकिटाचा निम्मा खर्च क्लब करेल, राहण्या-जेवणाचं तिथले गुजराती व्यापारी बघतील, इच्छुकांनी पासपोर्टची प्रत पाठवावी. भूलतज्ज्ञ नेहमी शेवटी आठवतो, ही आमच्या जमातीची जुनी तक्रार. ती आज बाजूला ठेवतो. त्या निरोपाखाली जे प्रश्न येतात त्यांबद्दल मला बोलायचं आहे. व्हिसा कोण काढणार, शाकाहारी जेवण मिळेल का, शेवटी दोन दिवस सफारी जोडता येईल का, मिसेसना आणलं तर चालेल का. सगळे प्रश्न जाणाऱ्यांचे. अकराव्या दिवशी तिथल्या वॉर्डात कोण असेल, हे कुणी विचारत नाही.

परदेशी सेवेला जाणाऱ्या वैद्यकीय पथकांची आपल्याकडे आता परंपरा झाली आहे. रोटरीच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून भारतातले डॉक्टर आफ्रिकेत शस्त्रक्रियांसाठी जातात. नेपाळ तर शेजारीच. जाणाऱ्यांच्या हेतूवर बोट ठेवायचं काही कारण नाही. चालती ओपीडी बंद ठेवून, पदरमोड करून लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालेली ही माणसं आहेत. पण तयारीची आपली कल्पनाच मुळात चुकली आहे, असं माझं मत आहे. देशात आपण ज्या पद्धतीनं शिबिरं भरवतो तीच पद्धत बॅगेत घालून परदेशात नेतो. खरी तयारी तिथल्या पेशंटच्या पंधराव्या दिवसापासून उलटी मोजत यायला हवी. त्या दिवसाचं उत्तर नसेल, तर तिकिटं काढू नयेत.

औषधांच्या खोक्यांपासूनच बघू. निघण्याआधीचा एखादा रविवार म्हणजे कुणाच्या तरी हॉस्पिटलच्या गच्चीवर किंवा मंगल कार्यालयात सतरंज्या घालून औषधं निवडायचा कार्यक्रम. औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींनी दिलेल्या सॅम्पलांचा ढीग पडलेला. चार-चार गोळ्यांच्या पट्ट्या, त्यांवर ‘विक्रीसाठी नाही’चा शिक्का. चष्मा कपाळावर सरकवून, पट्टी उजेडात तिरकी धरून एक्सपायरी वाचायची. नेमकी तारखेच्या जागीच पट्टी कापलेली असते, मग ती ‘बघू’ म्हणून वेगळ्या डब्यात जाते. तीन महिने उरलेल्या गोळ्या ‘आधी वापरा’ लिहिलेल्या खोक्यात. कफ सिरपच्या बाटल्या चिकट झालेल्या, त्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं. दुपारी पुरीभाजी. संध्याकाळपर्यंत पंचवीस खोकी बांधून होतात आणि त्यांच्यासमोर बॅनर धरून फोटो निघतो.

या पंचवीस खोक्यांतली बहुतेक औषधं तिथे उपयोगाची नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं औषधदानाचे नियम पहिल्यांदा १९९६ मध्ये छापले. त्यात हे सगळं स्पष्ट लिहिलं आहे: डॉक्टरांना मिळालेली फुकटची सॅम्पलं पाठवू नयेत, औषध त्या देशाच्या मान्य यादीतलं असावं, वेष्टनावर मूळ रसायनाचं नाव तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत असावं, आणि तिथे पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत उरलेली असावी. हे नियम अनुभवातून आले. १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं येऊन पडली. त्यातली जेमतेम ३० टक्के लगेच वापरण्याजोगी होती. बाकीची निवडण्यात, साठवण्यात आणि शेवटी नष्ट करण्यात भूकंपग्रस्तांचीच माणसं गुंतून पडली.

आपल्या सॅम्पलांची आणखी एक गंमत आहे. दोन-तीन औषधं एकाच गोळीत कोंबायची आपल्या बाजाराला फार हौस. २०१६ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं अशा ३४४ मिश्रणांवर एका फटक्यात बंदी घातली, त्यावरून ही हौस कुठवर गेली होती ते कळतं. अशी एखादी त्रिमिश्र गोळी मलावीतल्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या नर्सच्या हाती दिली, तर तिनं काय करावं? ब्रँडचं नाव तिला अनोळखी, मिश्रण तिच्या पुस्तकात नाही, आणि देणारे डॉक्टर तर विमानात बसलेले. सिरपांचं तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गांबियातल्या साठाहून अधिक मुलांच्या मृत्यूंशी भारतात बनलेल्या चार सिरपांचा संबंध जोडून इशारा दिला. त्यानंतरही सुट्या बाटल्या खोक्यात भरून आफ्रिकेत नेणाऱ्यांच्या धाडसाला काय म्हणावं, ते मला सुचत नाही. भारतीय कंपन्यांचीच जेनेरिक औषधं नैरोबीच्या आणि कम्पालाच्या घाऊक बाजारात रीतसर नोंदणी होऊन विकली जातात. तिथल्या फार्मासिस्टकडून यादी मागवावी, तिथेच विकत घ्यावीत. खोक्यांसमोरचा फोटो तेवढा हुकतो.

आता जरा बाजू पालटून बघू, कारण परदेशी वैद्यकीय सेवेच्या दुसऱ्या टोकाला महाराष्ट्र स्वतः बराच काळ उभा होता. विल्यम वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये सांगली भागात आला. १८९४ मध्ये त्यानं मिरजेत हॉस्पिटल उघडलं आणि १८९७ मध्ये तिथेच वैद्यकीय शाळा सुरू केली. १९२८ पर्यंत तो इथे राहिला. त्याच्या धर्मकार्याबद्दल कुणाचं काय मत असायचं ते असो, पण आज दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातली माणसं एसटीनं आणि रेल्वेनं मिरजेला उपचाराला येतात, त्याची मुळं त्या शाळेत आहेत. वॉनलेसनं किती ऑपरेशनं केली हे आज कुणाच्या लक्षात नाही. त्यानं इथली माणसं शिकवली आणि त्या माणसांनी पुढची शिकवली, म्हणून मिरज हे डॉक्टरांचं गाव झालं.

थोडक्या दिवसांच्या दौऱ्याचंही एक चांगलं उदाहरण आपल्याकडे आहे. मूळचे पंढरपूरचे, अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित दरवर्षी भारतात येऊन दुभंगलेल्या ओठांची आणि चेहऱ्यावरच्या व्यंगांची मोफत ऑपरेशनं करायचे. अर्धं शरीर लुळं, घशाचा कॅन्सर होऊन आवाज गेलेला, तरी माणूस थांबला नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची शिबिरं आठवणारे लोक आकड्यांबद्दल भरभरून बोलतात. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ते वर्षानुवर्षं परत येत राहिले, आणि ते गेल्यावर टाके बघायला इथले सर्जन, इथली हॉस्पिटलं आणि भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांचे कार्यकर्ते जागेवर होते. डॉक्टर पाहुणे होते, शिबिर इथल्यांचं होतं.

शिबिराची वाईट बाजूही आपल्याला चांगली ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या हॉस्पिटलात एकाच दिवशी, काही तासांत ८३ बायकांची नसबंदीची ऑपरेशनं उरकण्यात आली. तेरा जणी दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी घाऊक शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. आपल्या भूमीवर, आपल्या भाषेत, जिल्हा रुग्णालय हाकेच्या अंतरावर असताना जे घडू शकतं, ते परक्या देशात घडणार नाही असं समजायला काय आधार आहे? तिथे तर चौकशी व्हायच्या आत आपण मुंबईला उतरलेलो असू.

टार्गेट हा आपल्या शिबिरांच्या हाडीमांशी मुरलेला रोग आहे. ‘आठ दिवसांत तीनशे ऑपरेशनं’ ही ओळ दौरा ठरायच्या आधीच पत्रकात छापलेली असते. मग तीनशेचा आकडा गाठायला सहाव्या दिवशी रात्री साडेआठला एक वाढलेला गलगंड टेबलावर घेतला जातो. सर्जन थकलेला, नर्स तिथली, जनरेटरचं डिझेल संपत आलेलं. पूर्ण थायरॉइड काढलेल्या बाईला त्याच दोन-तीन दिवसांत कॅल्शियम उतरून हातापायांना पेटके येऊ शकतात, आणि पुढे जन्मभर रोज थायरॉक्सिनची गोळी लागते. तिच्या गावापासून ती गोळी मिळणारं दुकान किती लांब आहे? महिन्याला तिचा खर्च किती? रक्ततपासणी कुठे होणार? ही तीन उत्तरं हाती नसताना ते ऑपरेशन करणं म्हणजे गाठीच्या बदल्यात तिला दुसरा, न दिसणारा आजार देणं. आपल्याकडे हाच सर्जन अशा पेशंटला ‘दर तीन महिन्यांनी दाखवायचं बरं का’ असं चारदा बजावतो.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, आणि ते हलकं नाही. ‘तुम्ही तत्त्वज्ञान सांगत बसा. त्या म्हाताऱ्याला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, आम्ही वीस मिनिटांत दृष्टी दिली. आम्ही गेलो नसतो तर तो आंधळा मेला असता.’ खरं आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगानं २०१५ मध्ये मांडलेला हिशेब असा, की जगातल्या ५०० कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख ऑपरेशनं व्हायला हवीत. इतकी गरज असताना कुणी दारात येऊन मोफत करतंय, त्याला नाही म्हणणारे आपण कोण?

मोतीबिंदूपुरतं मी हे उत्तर मान्य करतो. एकदाच करायचं, थोड्या वेळाचं, भूल डोळ्यापुरती, आणि परिणाम दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर समोर. दौऱ्यावर नेण्यासारखी ऑपरेशनं फार थोडी, त्यात हे पहिलं. तरीही जंतुसंसर्ग झालाच तर तो बहुधा पहिल्या आठवड्यात डोकं वर काढतो, म्हणजे शेवटच्या तीन दिवसांत ऑपरेशन झालेल्यांचे डोळे कोण बघणार हा प्रश्न उरतोच. शेवटचे तीन दिवस नवं ऑपरेशन करायचं नाही, फक्त आधीचे पेशंट बघायचे, हा साधा नियम मी सुचवला की टार्गेटवाले माझ्याकडे असं बघतात, जणू मी जेवणाच्या पंगतीत वाढणं थांबवा म्हणालो.

त्या १४ कोटी ३० लाखांच्या आकड्याचा अर्थही नीट वाचला पाहिजे. दहा दिवसांच्या दौऱ्यांनी ती दरी भरायची तर जगातले सगळे सर्जन वर्षभर विमानातच बसतील. ती भरणार तिथल्याच माणसांकडून. काठमांडूचं तिलगंगा नेत्रकेंद्र हे याचं आपल्या जवळचं उदाहरण. डॉ. संदुक रुइत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ते उभं केलं, ऑस्ट्रेलियाच्या फ्रेड हॉलोज यांच्या संस्थेच्या मदतीनं डोळ्यात बसवायची लेन्स नेपाळमध्येच बनवायला सुरुवात केली, आणि शंभर डॉलरच्या वर जाणारी लेन्स काही डॉलरांवर आली. त्याच्या दोन वर्षं आधी मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयानं ऑरोलॅब हा लेन्सचा कारखाना काढून तेच केलं होतं. शिबिरं घेणारा देश शिबिरं शिकवणारा झाला. परदेशी मदत तिथेही होती, पण ती कारखान्यात आणि प्रशिक्षणात घातली गेली.

महाराष्ट्रातून आफ्रिकेला पोहोचलेली, मला सगळ्यात मोठी वाटणारी वैद्यकीय मदत तर विमानानं गेलेलीच नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या ऑपरेशनात हजारो रुपयांच्या कंपनीच्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरायची पद्धत रुजवली. शहरी सर्जनांनी आधी नाकं मुरडली. पुढे पूर्व युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर रीतसर चाचणी झाली, स्वस्त जाळी आणि महाग जाळी अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी करून, वर्षभर पाठपुरावा ठेवून. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: दोन्हींत लक्षणीय फरक नाही. दोंडाईच्यातली एक युक्ती युगांडाच्या सर्जनच्या हातात कायमची राहिली.

मग जायचंच नाही का? जायचं, पण ऑपरेशन थिएटरची तयारी पुण्यात बसून होत नाही हे मान्य करून. एका सर्जननं, एका भूलतज्ज्ञानं आणि जमलं तर एका बायोमेडिकल इंजिनिअरनं तीन-चार महिने आधी जाऊन यावं. हा खर्च आयोजकांना उधळपट्टी वाटतो. माझ्या कामातलं एकच उदाहरण सांगतो. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर वर्षानुवर्षं काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा ओळखला गेला. अमेरिकेत तो हिरवा. देणगीत मिळालेली सामग्री चार देशांतून आलेली असली, की एकाच खोलीत तीन रंगांचे सिलिंडर उभे दिसतात, आणि आपला रेग्युलेटर त्यातल्या एकाला बसतो. रंग बघून हात घालायची आपली सवय तिथे माणूस मारू शकते. मॉनिटरच्या प्लगचं तसंच. केनियात, मलावीत ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन दांडे. रक्तस्राव थांबवायचं कॉटरी मशीन जनरेटरवर चालतं का, सक्शनच्या बाटलीला झाकण आहे का, रक्त लागलं तर पिशवी किती तासांत आणि कुठल्या गावातून येते, रात्री वॉर्डात किती नर्स असतात? हे व्हिडिओ कॉलवर कळत नाही. विचारलं की समोरचा ‘आहे, आहे’ म्हणतो, कारण पाहुण्याला नाही म्हणणं तिथेही अवघडच जातं. आणि नादुरुस्त यंत्रं हा काही एखाद्या गावचा प्रश्न नाही. २०११ मध्ये छापलेल्या एका बऱ्याच उद्धृत होणाऱ्या पाहणीत गरीब देशांतल्या हॉस्पिटलांतली सुमारे ४० टक्के उपकरणं बंद असल्याचं दिसलं होतं. आपलं भूल द्यायचं जुनं बॉइल मशीन दान करून त्यात भर घालण्यापेक्षा त्यांचं बंद पडलेलं दुरुस्त करून देणारा तंत्रज्ञ नेलेला बरा.

सामानाचं महत्त्व लष्कराला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली आपलं ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स पथक कोरियाच्या युद्धात गेलं. माघारीची वेळ आली तेव्हा प्योंगयांगमध्ये वाहनं नव्हती आणि सामान टाकून निघायचा हुकूम होता. सामानाशिवाय आपण कुणाच्या कामाचे नाही, हे रंगराज यांना माहीत होतं. जवानांनी एक जुनं वाफेचं इंजिन आणि काही डबे शोधले, बादल्यांची साखळी करून बॉयलरमध्ये पाणी भरलं आणि सगळी सामग्री घेऊन सेऊल गाठलं. त्याच पथकाचे आजचे वारसदार फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपानंतर इस्केंदेरूनला पोहोचले, ते स्वतःचं थिएटर, एक्स-रे आणि वीज घेऊन.

आपत्तीच्या वेळी धावून जाणाऱ्या हौशे-नवशे-गवशे पथकांचा मुद्दा इथेच उरकतो. जानेवारी २०१० मध्ये भूकंपानंतर हैतीत इतकी बिनतयारीची पथकं उतरली, की त्यातून धडा घेऊन जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांचे तीन प्रकार आणि किमान निकष ठरवून दिले. पाणी, जेवण, तंबू, शौचालय, औषध-कचरा यांचा बोजा आपत्तीग्रस्तांवर टाकायचा नाही, हे त्यातलं सार. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूत शंभराहून अधिक परदेशी पथकं आली आणि विमानतळावरच दाटी झाली. टीव्हीवर ढिगारे बघून दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोप घेऊन निघणाऱ्यांनी घरी राहून पैसे पाठवावेत, याहून जास्त शब्द त्यावर खर्च करायची गरज नाही.

कागदपत्रांबद्दल मात्र जास्त बोललं पाहिजे, कारण इथे आपला दुटप्पीपणा उघडा पडतो. उद्या एखादा परदेशी डॉक्टर गडचिरोलीत येऊन आपल्या वैद्यकीय परिषदेच्या परवानगीशिवाय ऑपरेशनं करू लागला, तर आपण पोलीस बोलावू आणि बरोबरच करू. मग युगांडात किंवा नेपाळमध्ये ‘सेवा तर करतोय, कसली नोंदणी’ हे कसं चालतं? बहुतेक देशांत तात्पुरती नोंदणी मिळते. त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडून सचोटीचं प्रमाणपत्र, पदव्यांच्या साक्षांकित प्रती, यजमान हॉस्पिटलचं पत्र लागतं आणि काही महिने जातात. केटामिन, फेंटानिल, मॉर्फिन ही आमची रोजची औषधं कस्टमच्या अधिकाऱ्याच्या लेखी अंमली पदार्थ असतात. परवान्याशिवाय ती बॅगेत सापडली तर ‘डॉक्टर आहे’ हे उत्तर पुरत नाही. इंटर्न आणि विद्यार्थ्यांना नेणाऱ्यांसाठी नियम एकाच ओळीचा आहे: इथल्या सिव्हिल हॉस्पिटलात त्याला जे करू दिलं नसतं ते तिथेही करू द्यायचं नाही. ‘तिकडे हात साफ करायला मिळतो’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांतून ऐकलं आहे. ते गरीब माणसाच्या पोटावरून बोललेलं असतं.

उलट, तिथल्या ज्यांना आपण ‘डॉक्टर नाहीत’ म्हणून मोजत नाही, त्यांच्याकडून शिकण्यासारखं असतं. मलावीच्या जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर करतात, एमबीबीएस न झालेले पण त्याच कामासाठी घडवलेले. भूल देणारेही बहुधा असेच प्रशिक्षित अधिकारी असतात. केटामिन आणि कमरेतल्या इंजेक्शनवर, विजेचा भरवसा नसताना, ते ज्या सफाईनं काम करतात ती आपल्या एसी थिएटरमध्ये घडलेल्या भूलतज्ज्ञानं बघावी. दौऱ्यात टेबलाच्या डोक्याशी तो अधिकारी आणि बाजूला आपला भूलतज्ज्ञ अशी रचना असावी. ऑपरेशनं निम्म्यावर येतील. येऊ देत.

भाषेचा प्रश्न दुभाष्या ठेवून मिटत नाही. संमतीपत्रावर अंगठा घेणं सोपं, पण ‘उद्यापासून तुम्हाला लघवीची पिशवी लावावी लागेल’ हे कळलंय की नाही, ते विचारायला माणूस लागतो. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. बाकीचे चौघे टप्प्याटप्प्यानं परतले. कोटणीस राहिले, चिनी शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवू लागले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. प्रत्येकानं कोटणीस व्हावं असं मी म्हणत नाही. संसार असतात, हप्ते असतात. पण त्यांचं नाव पत्रकावर छापून दहा दिवसांच्या दौऱ्याला निघणाऱ्यांनी निदान स्वाहिलीतली ‘दुखतंय का’, ‘श्वास घ्या’, ‘संपलं’ एवढी वाक्यं तरी पाठ करावीत. ‘सीमांशिवाय डॉक्टर’ ही नोबेल मिळवलेली संस्था पहिल्या कामगिरीसाठी साधारण नऊ ते बारा महिने मागते, सर्जन आणि भूलतज्ज्ञांना तेवढी कमी मुदतीची सवलत. त्यामागे हाच हिशेब आहे. माणसं ओळखीची व्हायलाच पहिले दोन महिने जातात.

स्वतःच्या तब्येतीची तयारी लोक तशी करतात, तरी तिथेही घोळ असतात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लागते; जुलै २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं, आणि ते नसताना बाधित देशातून परतलात तर आपलंच सरकार सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतं. साठी ओलांडलेल्यांना या लशीचा धोका जास्त असतो, आणि आपल्या पथकांत निवृत्त मंडळीच जास्त, हे कुणी बोलत नाही. ‘आपल्याला मलेरियाची सवय आहे’ ही फुशारकी आफ्रिकेतल्या फाल्सिपेरम या जीवघेण्या मलेरियापुढे चालत नाही. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती पथकाच्या बॅगेत हवीत. तिथल्या हॉस्पिटलचा तुटपुंजा साठा पाहुण्यांसाठी उघडायला लावू नये.

राहता राहिले पैसे. पंधरा जणांचं पथक, माणशी विमानभाडं पन्नास-साठ हजार धरलं, तर साडेसात ते नऊ लाख नुसते हवेत जातात. तेवढ्यात तिथल्या दोन नर्सना किंवा एका भूल-अधिकाऱ्याला भारतात आणून काही महिने शिकवता येतं. रवांडानं २०१२ मध्ये अमेरिकी विद्यापीठांना हेच सांगितलं: शिबिरं नकोत, शिक्षक द्या, ते वर्षभर राहतील, आणि कार्यक्रमाची सूत्रं आमच्या आरोग्य खात्याकडे असतील. यजमानानं अटी घातल्या आणि पाहुण्यांनी मानल्या. आपल्या क्लबांनी स्वतःहून असं विचारायची पद्धत अजून पाडलेली नाही.

क्लबांच्या वार्षिक अहवालात दौऱ्याचं एक पान असतं. किती ऑपरेशनं, किती देश, किती स्वयंसेवक. त्या पानावर आणखी चार आकडे छापायची सक्ती देणगीदारांनी करावी: तीस दिवसांनी किती पेशंट पुन्हा तपासले गेले, कितींना गुंतागुंत झाली, किती दगावले, आणि तिथल्या कितीजणांना ते काम आता आपल्याशिवाय जमतं. हे आकडे गोळा करायला तिथल्या एका नर्सला महिन्याचं मानधन आणि फोनचं बिल द्यावं लागेल. दौऱ्याच्या खर्चात ती रक्कम दिसणारही नाही. एखाद्या वर्षी तिथून उत्तर येईल, की यंदा येऊ नका, त्या पैशांत हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, दुरुस्त करून द्या. माझ्या ओळखीच्या एका आयोजकाला मी हे म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, ‘डॉक्टर, ऑटोक्लेव्हसाठी कोण देणगी देतो हो?’ देणगीदारांपुढे हा प्रश्न अजून कुणी ठेवलेलाच नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यायला त्याची हरकत नव्हती. फक्त बॅनरचा विषय आधी घ्यायचा होता.